अँड, बट आणि पोस्टातली बकरी

संपादकांचा नियम साधा होता. इंग्रजी वाक्य 'अँड'ने सुरू होत नाही. 'बट'ने होत नाही, 'बिकॉज'ने तर नाहीच नाही, आणि 'सो'ने जो माणूस तोंड उघडतो त्याच्याशी संपादकांचं बोलणं फार लांबत नसे. उभ्या नोकरीत त्यांनी हा नियम कोणाला मोडू दिला नव्हता. वार्ताहरांना नाही, मंत्र्यांना नाही, आणि एकदा तर एका गृहस्थांच्या मृत्युलेखात त्यांचे अखेरचे शब्द 'बट'ने सुरू होत होते, तेही त्यांनी नीट करून छापले होते. तो नियम आपल्याच घरात, आपल्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, दर रविवारी राजरोस पायदळी तुडवला जातो हे त्यांना कळलं ते केवळ टीव्ही बिघडला म्हणून.

टीव्ही चालू असता तर रविवारी सकाळी संपादक टीव्हीसमोर असते आणि पुढचं रामायण टळलं असतं. पण टीव्ही बिघडला. दुरुस्तीवाला 'आज येतो' म्हणाला, म्हणजे त्या आठवड्यात येणार नव्हता. तेव्हा संपादक पेपर आणि पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या जगाला मोबाईल टेकवून, त्यांची बायको परदेशातल्या नातीशी बोलत होती.

"अँड देन," ती म्हणत होती, "गोट इज व्हेरी हंग्री. अँड इन पोस्ट ऑफिस इज नो ग्रास. अँड गोट लुक लेफ्ट. अँड गोट लुक राइट."

"अँड?" मोबाईलमधून आवाज आला.

"अँड गोट सी वन फॅट लेटर!"

मोबाईलमधून किंकाळी आली. आनंदाची.

संपादकांच्या हातातली पेन्सिल आपोआप चालली होती. डेस्कवरची सवय. चूक कानावर पडली की समासात टिंब. ती गोष्ट संपेपर्यंत पेपरचा डावा समास भरला, उजवा भरला, आणि टिंबं शेअरबाजाराच्या आकड्यांमध्ये घुसू लागली.

इथे एक खुलासा करायला हवा. संपादक हे कधीच संपादक नव्हते. एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर ते उपसंपादक होते, म्हणजे बाहेरून लिहून आलेली बातमी तासून, कापून पानात बसवणारे. संपादक ही पदवी त्यांना इमारतीने दिली. पहिली काही वर्षं जिन्यात कोणी हाक मारली की ते "उप, उप" अशी दुरुस्ती करत. मग त्यांनी विचार केला की एवढ्या लोकांना एकाच वेळी दुरुस्त करणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि पदवी ठेवून घेतली. त्यांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणायची. त्यात कसलीच दुरुस्ती लागत नव्हती.

वहिनींचं इंग्रजी हे डबे, बाटल्या आणि शिवणयंत्रासोबत आलेली पुस्तिका यांच्या वाचनातून घडलेलं होतं. त्यांची बकरी पोस्टात नोकरीला होती आणि पत्रं खायची. पोस्टमास्तरने पकडलं की ती बाणेदारपणे म्हणायची, "कीप मी इन कूल अँड ड्राय प्लेस!" पोस्टमास्तर चिडला की तो "शेक वेल बिफोर यूज" या न्यायाने थरथरायचा. ही मालिका नात बोलायला लागली तेव्हापासून चालू होती.

नातीचं नाव सगळ्यांनी भिंगरी पाडलं होतं, कारण ती मोबाईलसमोर कधी अख्खी दिसत नसे. कधी कान दिसे, कधी मोजा. बाप तिकडचा, शाळा तिकडची, त्यामुळे आपली भाषा तिला कळायची ती रागावण्यापुरती: 'पुरे', 'खाली उतर', 'हात धू'. एवढ्या भांडवलावर आजीशी संसार होणं कठीण. म्हणून मध्ये बकरी होती.

बोलणं संपलं तशी वहिनींनी मोबाईल पुसून ठेवला. संपादकांनी चष्मा काढला. ते चष्मा काढत तेव्हा डेस्कवरची पोरं सावरून बसत.

"तुझ्या बोलण्यात एक दोष आहे."

"एकच? लवकर लिहून द्या, भिंतीवर लावते."

"चेष्टा नको. इंग्रजीत वाक्य 'अँड'ने सुरू करू नये. 'बट'नेही नाही."

"का बरं?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

"डेस्कचा."

"डेस्क म्हणजे टेबलच ना? टेबलं कधीपासून नियम करायला लागली?"

संपादकांनी मग आपल्या पहिल्या साहेबांची गोष्ट सांगितली. ते म्हणायचे की 'अँड'ने वाक्य सुरू करणं म्हणजे टाय बांधून अनवाणी ऑफिसात येणं. ही गोष्ट वहिनींनी लग्नापासून ऐकली होती. त्या भांडी आवरायला उठल्या.

"अहो, पण पोर पहिलीत आहे. तिला काय टाय आणि काय चप्पल."

"म्हणूनच! या वयात कानावर पडलं की बसतं. आणि ती नव्या शाळेत गेलीये. तिथे ती असंच बोलली तर पोरं हसतील, बाई वाक्यं कापतील. कोणामुळे? तुझ्यामुळे."

हे मात्र लागलं. वहिनी हातात बशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. लेकीने गाव बदललं होतं, भिंगरीची शाळा बदलली होती, आणि लेक मागच्याच आठवड्यात म्हणाली होती की शाळेतून घरी आल्यावर पोर काही बोलत नाही. तिथे मैत्रीण नाही. बोलते ती फक्त रविवारी, बकरीबद्दल.

"तुमचं म्हणणं, मी तिला बिघडवतेय?"

"बिघडवतेस असं नाही. पण सुधारायला वाव आहे," संपादक म्हणाले. ज्याची बातमी फाडून टाकायची असे त्याला ते असंच म्हणत.

"मग सुरुवात कशाने करू?"

"कर्त्याने. द गोट. बस."

पुढच्या रविवारी वहिनी केस नीट विंचरून, पाठ ताठ करून बसल्या. संपादक पाण्याच्या जगाच्या पलीकडे, म्हणजे मोबाईलला दिसणार नाहीत पण वहिनींना दिसतील असे.

"द गोट," वहिनी म्हणाल्या, "इज इन पोस्ट ऑफिस."

"येस!" भिंगरीचा एक डोळा पडद्यावर आला.

"द गोट..." वहिनींनी संपादकांकडे पाहिलं. संपादकांनी मान हलवली. "द गोट इज ईटिंग."

"अँड?"

वहिनींचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी पुन्हा संपादकांकडे पाहिलं. संपादकांनी बोटानेच 'नको' अशी खूण केली.

"अँड, आजी?"

"द गोट," वहिनी घाम पुसत म्हणाल्या, "इज... गोट."

डोळा गेला. त्याच्या जागी छत दिसायला लागलं. मागून लेकीचा आवाज आला, "आई, नेटवर्क गेलं का गं?"

दोष नियमाचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, असा संपादकांनी निष्कर्ष काढला आणि तज्ज्ञांचं मत घ्यायचं ठरवलं. ही त्यांची पहिली मोठी चूक. आमच्या इमारतीसारख्या कुठल्याही इमारतीत नळ गळतो असं जिन्यात म्हणून पाहा. नळ तसाच गळत राहील, पण संध्याकाळपर्यंत पाण्याविषयी दोन पक्ष तयार होतील.

वरच्या मजल्यावर हेडसर राहायचे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी प्रश्न ऐकला आणि आपल्याला पुन्हा कोणीतरी वर्गात बोलावलं आहे अशा आनंदाने ते जिन्याच्या कठड्याला टेकले.

"संपादक, तुम्ही 'अँड' काढून घेतलात, ते उत्तम. पण तिच्या हातात दिलंत काय? माणसाची काठी काढून घेतली तर दुसरी द्यावी लागते. 'मोअरओव्हर' द्या. 'नेव्हरदलेस' द्या."

समोरच्या बिऱ्हाडातले विमा एजंट दार उघडून बाहेर आले. त्यांना सगळे सोसाहेब म्हणत.

"सो, मी ऐकलं," सोसाहेब म्हणाले. "सो, माझं मत असं की माणूस कशाने सुरू करतो याला महत्त्व नाही. सो, समोरच्याने सही केली पाहिजे."

"तुम्ही यात पडू नका," हेडसर म्हणाले.

"सो, का नको? सो, मी दिवसभर इंग्रजीच बोलतो."

"तेच म्हणतोय."

तिथून संपादक निघाले ते 'मोअरओव्हर' घेऊनच. आठवडाभर वहिनी तो शब्द म्हणत फिरत होत्या. कपडे वाळत घालताना मोअरओव्हर, दूध तापवताना मोअरओव्हर. दूध दोनदा उतू गेलं. हेडसर येता-जाता दारातून उच्चार तपासून जात. "'व' वर दाब नको, वहिनी. हलकं. फुंकर घातल्यासारखं."

रविवार आला.

"द गोट इज ईटिंग लेटर," वहिनींनी सुरुवात केली. मग डोळे मिटून, फुंकर घालून: "मोअरओव्हर, द गोट इज ईटिंग स्टॅम्प."

पडद्यावर पहिल्यांदाच भिंगरीचं अख्खं तोंड आलं.

"हू इज मोअरओव्हर?"

"हं?"

"मोअरओव्हर! इज शी अ काऊ?"

वहिनींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. पोस्टात एक गाय असायला काहीच हरकत नव्हती. उलट बरं झालं असतं, बकरी एकटीच होती. गाय कुठल्या खिडकीवर बसते, तिची आणि बकरीची जुंपते की जमते, हे सगळं त्या एका क्षणात वहिनींना दिसलं असावं, कारण त्या पुढे सरकल्या, हात वर केला आणि...

"नो," जगामागून संपादक म्हणाले. "मोअरओव्हर इज नॉट अ काऊ."

"ओ," भिंगरी म्हणाली. मग पुन्हा छत.

पुढच्या रविवारी मोबाईल वाजला तेव्हा वहिनी आतल्या खोलीत पडून होत्या.

"अगं, फोन."

"माझे गुडघे दुखतात."

"फोनवर बोलायला गुडघे कशाला लागतात?"

"तुमच्या नियमात बसायला लागतात."

संपादकांनी फोन घेतला, 'आजीला बरं नाही' म्हणून सांगितलं, हवापाण्याची चौकशी केली आणि ठेवला. आठवड्याच्या मधेच लेकीचा फोन आला. तोही थेट त्यांना, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाबा, आईला काय झालंय? खरं सांगा."

"गुडघे."

"भिंगरी रोज विचारते. आजी रागावली का म्हणते. मी काहीतरी चुकीचं बोलले का म्हणते. बाबा, ती शाळेत तोंड उघडत नाही. बाईंनी मला बोलावून घेतलं. घरीसुद्धा आता गप्प. ती बकरी तेवढी एक होती हो. आईला म्हणावं, काही का होईना, बोल तिच्याशी."

"बघतो," संपादक म्हणाले.

बघायला खूप काही नव्हतं. 'तू बोल तुला हवं तसं' एवढं एक वाक्य बायकोला म्हणायचं होतं, आणि तेही आपल्या भाषेत, जिथे सुरुवातीला कुठलाही शब्द चालतो. पण ते म्हणणं म्हणजे उभ्या हयातीतला नियम जेवणाच्या टेबलावर मागे घेणं. संपादकांनी असं कधी केलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, वरून निर्णय आणावा. डेस्कने सांगितलं की नियम कायम आहे, तर बायको निमूटपणे ऐकेल आणि शिकेल. अशा आशेने ते इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या कचेरीत गेले.

दारावरचा रखवालदार नवा होता.

"कोणाला भेटायचंय?"

"डेस्कला."

"नाव?"

"डेस्कचं? डेस्कला नाव नसतं. मी इथे नोकरीला होतो."

"बरेच लोक असतात," रखवालदार समजूत काढत म्हणाला. "काम काय आहे?"

संपादकांनी थोडा विचार केला. "एक शब्द विचारायचाय."

रखवालदाराने 'शब्द' असं लिहून घेतलं. मग पाहुण्यांचे पास संपले होते. मग ते सापडले, पण गळ्यात घालायची दोरी नव्हती. मग दोरी मिळाली ती एवढी आखूड की पास हनुवटीखाली, टायच्या गाठीच्या जागी बसला. त्यावर 'तात्पुरता' असं ठळक छापलेलं होतं. ज्या इमारतीत त्यांनी आयुष्य घातलं तिच्या जिन्याने संपादक गळ्यात 'तात्पुरता' बांधून वर गेले. वरच्या मजल्यावर जुना सामूहिक फोटो अजून होता. फोटोतले संपादक जिथे होते, नेमकं तिथेच पुढे कॉफीचं यंत्र आलं होतं. फोटोत त्यांचा फक्त हात दिसत होता, पेन्सिल धरलेला.

डेस्कप्रमुख एकदम उभी राहिली. "सर! तुम्ही?"

ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. पहिल्या महिन्यात तिची अर्धी बातमी त्यांनी कापली होती आणि दुसऱ्या महिन्यात उरलेली अर्धी. तिने त्यांना स्वतःची खुर्ची दिली. संपादक बसले, आणि समोरच्या पडद्यावर उद्याचं पहिलं पान दिसलं. पानावरचा सगळ्यात मोठा मजकूर 'बट'ने सुरू होत होता.

ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आपल्या घरात शिरून कोणीतरी आपल्याच पलंगावर झोपलं आहे असं पाहणाऱ्या माणसासारखे.

"तो नियम..." ते म्हणाले.

"काढला, सर," डेस्कप्रमुख ओशाळून म्हणाली. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं की तो खरा नियम नाहीच. मोठमोठे लोक पूर्वापार तसं लिहीत आलेत. पण तुम्ही निवृत्त होईपर्यंत थांबलो होतो आम्ही."

"थांबला होतात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

माणसाचा नियम मोडला तर त्याला भांडता येतं. नियम आपल्यासाठी प्रेमाने सांभाळून ठेवला होता म्हटल्यावर काय करणार? त्यांनी यंत्राची कॉफी प्यायली. ती वाईट होती.

तिलाही ते बघवेना. "पण सर, बाकी सगळं तुमचंच चालू आहे हं! सगळी बातमी पहिल्या वाक्यात, महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. जाहिरात आली की जागा करायला डोळे मिटून खालून कापायचं. नव्या पोरांना मी आजही सांगते, काय झालं ते आधी सांगा, घोळवत बसू नका."

संपादकांची मान थोडी वर झाली. पास हनुवटीला टोचला, पण वर झाली.

घरी येताना त्यांच्या मनात एक विचार पक्का होत गेला. एक नियम गेला, जाऊ दे. मोठा नियम शिल्लक होता. आणि नातीला बकरीच हवी असेल तर ती सांगायला बायकोच कशाला हवी? ज्याने पूर, संप, निवडणुका हाताळल्या त्याला एक बकरी जड नव्हती. ही दुसरी मोठी चूक. पहिली तिच्यापुढे काहीच नव्हती.

रविवारी वहिनी गुडघे घेऊन स्वयंपाकघरात होत्या. संपादकांनी जगाला मोबाईल टेकवला, घसा साफ केला. पडद्यावर भिंगरी होती. अख्खी. न हलता बसलेली. भिंगरी न हलता बसली आहे यातच सगळं आलं, पण संपादकांचं लक्ष पहिल्या वाक्याकडे होतं.

"अ गोट एम्प्लॉइड अ‍ॅट द पोस्ट ऑफिस," ते डेस्कच्या आवाजात म्हणाले, "वॉज अरेस्टेड ऑन सॅटर्डे फॉर ईटिंग लेटर्स, पोलीस सेड."

"अरेस्टेड?" भिंगरी म्हणाली.

"द गोट डिनाइड द चार्ज." दुसरं वाक्य. वजन बरोबर. "द पोस्टमास्टर डिक्लाइन्ड टु कमेंट."

"इज शी इन जेल?"

"शी इज इन कस्टडी."

"फॉरएव्हर?"

"द मॅटर इज अंडर इन्व्हेस्टिगेशन."

"बट व्हाय?"

संपादक अडले. 'व्हाय'चं उत्तर 'बिकॉज'ने सुरू होतं. त्यांनी डेस्कवरची जुनी वाट धरली. "द रीझन्स वेअर नॉट डिस्क्लोज्ड."

भिंगरीची हनुवटी आधी एका बाजूला गेली, मग दुसऱ्या. मग जो आवाज निघाला तो ऐकून वर हेडसरांनी खिडकी उघडली आणि समोर सोसाहेबांनी दार. पडद्यावर लेक धावत आली.

"बाबा! काय केलंत?"

"मी फक्त गोष्ट..."

"ती म्हणतेय गोटला पोलिसांनी नेलं! बाबा, तुम्ही बकरीला अटक करवलीत?"

स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आदळलं. वहिनी दारात आल्या. गुडघ्यांचं दुखणं ज्या वेगाने बरं झालं त्याची नोंद कोणी घेतली नाही.

"कोणाला अटक?"

"म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या..."

"माझ्या बकरीला? कोणाला विचारून? इतकी वर्षं सांभाळली मी तिला! पोस्टमास्तर एवढा चिडका, त्यानेसुद्धा कधी पोलीस बोलावले नाहीत. आणि तुम्ही एका वाक्यात तुरुंगात घातलीत?"

"बातमीत महत्त्वाचं आधी..."

"ही बातमी आहे का?"

"सो, जामीन मिळतो का बघा," समोरच्या दारातून आवाज आला.

"सोसाहेब, दार लावा," वहिनी म्हणाल्या. दार लागलं.

मोबाईलमधून हुंदके येत होते. लेक तिला जवळ घेऊन काहीतरी समजावत होती, ते चालत नव्हतं. संपादक आपल्या हातांकडे पाहत बसले. टेबलावर पेपर होता, पेन्सिल होती. दुसरं काही जवळ नव्हतं. मग ते हळूच खुर्ची पुढे सरकवून मोबाईलसमोर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

त्यांच्या पानावर दुरुस्ती छापायची वेळ कधी आली नव्हती, निदान ते तसं सांगत. चुकीची बातमी गेली तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात, बारीक टाइपात चार शब्द जातात. ते शब्द त्यांना पाठ होते. दुसऱ्यांसाठी त्यांनी ते कित्येकदा लिहिले होते.

"करेक्शन," संपादक म्हणाले.

हुंदके जरा थांबले.

"द रिपोर्ट अबाउट द गोट वॉज रॉंग. शी वॉज नॉट अरेस्टेड. द एरर वॉज मेड बाय आजोबा. आजोबा इज व्हेरी सॉरी."

टाइप बारीक नव्हता. हेडसरांनी वर खिडकी मिटल्याचा आवाज आला, हळू, मुद्दाम आवाज न करता मिटल्यासारखा.

"नॉट अरेस्टेड?" भिंगरीने नाक पुसलं.

"नॉट अरेस्टेड."

"अँड?"

संपादकांनी बायकोकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि मदतीला येण्याची काही चिन्हं नव्हती. त्यांनी कॉलर सैल केली.

"अँड..." ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले. आणि तिथेच थांबले, कारण तो शब्द त्यांनी जन्मभर नुसता कापला होता, त्याच्यापुढे काय असतं ते बघायची कधी वेळच आली नव्हती.

"सरका," वहिनी म्हणाल्या.

संपादक सरकले. वहिनी बसल्या, पदराआडून हात बाहेर काढले.

"अँड गोट इज सिटिंग ऑन रूफ! अँड पोलीस लुक लेफ्ट. अँड पोलीस लुक राइट. अँड आजोबा इज शाउटिंग, अरेस्ट, अरेस्ट! अँड नोबडी लिसन टु आजोबा."

भिंगरी हसली. मग ती पडद्याजवळ आली, इतकी जवळ की नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"अँड देन द गोट गोज टु अ न्यू स्कूल," भिंगरी म्हणाली.

वहिनी थबकल्या. गोष्ट त्यांच्या हातातून निघाली होती. संपादकांनी बाजूने मोबाईलसमोर 'थांब' असा हात केला. या वेळी बायकोसाठी नव्हता तो. लेकीसाठी होता, जी मागे काहीतरी बोलायला निघाली होती.

"अँड नोबडी नोज हर नेम. अँड शी सिट्स बाय द विंडो. अँड दे ऑल प्ले. अँड शी डझन्ट नो हाऊ टु आस्क. अँड शी ईट्स हर लंच बाय हरसेल्फ. अँड शी कम्स होम. अँड इट्स द सेम टुमॉरो."

एका दमात. संपादकांच्या हातात पेन्सिल होती आणि समोर पेपरचा कोरा समास होता. तो कोराच राहिला. ही बातमी कुठूनच कापता येण्यासारखी नव्हती. वरून नाही आणि खालूनही नाही. पडद्यामागे लेक तोंडावर हात धरून उभी होती.

"बट..." भिंगरी म्हणाली आणि थांबली.

वहिनींनी शब्द सुचवला नाही. वर, समोर, कुठेच काही वाजलं नाही.

शेवटी संपादकांनाच राहवेना. ते जगाच्या बाजूने वाकले.

"बट व्हॉट?"

"बट ऑन फ्रायडे," भिंगरी सावकाश म्हणाली, "वन गर्ल गेव्ह द गोट हर इरेझर."

"अँड?" संपादक म्हणाले.

"अँड द गोट एट इट!"

आणि ती गेली, स्वतःभोवती गोल फिरत, पडद्यावर आधी कान, मग मोजा, मग छत.

मोबाईल बंद झाला. वहिनींनी तो पुसला, बराच वेळ पुसला. संपादकांचा चहा निवून गेला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

"बट," थोड्या वेळाने ते म्हणाले, "खोडरबर खाल्ला तर त्या मुलीने दुसरा..."

"अहो," वहिनी कप उचलत म्हणाल्या, "वाक्य 'बट'ने सुरू करू नये."